फुलांच्या दागिन्यांचा दिवस

दार उघडंच होतं. चौकटीला झेंडूची माळ, उंबऱ्याशी बायकांच्या चपलांचा ढीग, आणि आत दहा-बारा जणी एकदम बोलत होत्या. बायकांच्या कार्यक्रमात मी एकटा पुरुष, तोही अनोळखी. एका हातात भेटीची पिशवी, दुसऱ्या हातात रुमाल. बूट काढू की तसाच मागे फिरू, असं माझं चाललं होतं, तेवढ्यात झोपाळ्यावरूनच हाक आली.

"तुम्ही प्रणिताचे मिस्टर ना? या ना भाऊजी, बाहेर काय उभे राहिलात!"

हर्षदा देवरेला मी पहिल्यांदाच पाहत होतो. हिरवीगार साडी, कपाळावर मोगऱ्याची बिंदी, गळ्यात शेवंतीचा हार, दंडात, मनगटात, कमरेला सगळीकडे फुलं. पोट चांगलंच दिसत होतं. हसरी होती, गालाला खळी पडायची. मंगळसूत्र सोडलं तर अंगावर सोन्याचा मणीही नव्हता. ते मी आल्या आल्या पाहून घेतलं.

"आणि ती कुठंय? मी तिच्यासाठी बाजूची जागा धरून ठेवलीय."

"तिला रिक्षाचे धक्के नको म्हणालेत डॉक्टर," मी म्हणालो.

डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. मीच म्हणालो होतो. प्रणितानं आठ दिवस आधी साडी इस्त्री करून ठेवली होती आणि सकाळी मी नाही म्हटल्यावर ती लहान मुलीसारखी रुसून बसली होती. शेवटी, "निदान तुम्ही तरी जा, तिला वाईट वाटेल," असं तीच म्हणाली. ती असं म्हणेल हे मला माहीत होतं.

"आई, हे प्रणिताचे मिस्टर. बँकेत असतात," हर्षदानं ओळख करून दिली. तिची आई चांदवडकडच्या एका खेड्यातून आली होती, नऊवारीतली, हाडापेरानं मजबूत बाई. त्याच वेळी स्वयंपाकघरातून हर्षदाचा नवरा पाण्याचे ग्लास घेऊन बाहेर आला. 'बँकेत' हा शब्द त्याच्या कानावर पडला आणि ट्रेमधले ग्लास एकमेकांवर किणकिणले.

"अहो, भाऊजींना आत बसवा ना, इथं बायकांत अवघडतील ते," हर्षदा म्हणाली.

तुषारनं मला बेडरूममध्ये नेलं. पलंगावर पाहुण्यांच्या पर्स पडल्या होत्या. कोपऱ्यात लाकडी कपाट होतं. त्यानं पंखा लावला, खुर्ची पुढे केली आणि उगाचच म्हणाला, "उकाडा वाढला नाही यंदा लवकर?"

मी दार लोटलं.

"तुषारराव," मी फोनवरचा आवाज काढला, "पाटील बोलतोय."

तो पलंगावर बसला, कुणाच्या तरी पर्सवरच. चार आठवडे रोज सकाळी नऊ वाजता त्याला या आवाजाचा फोन जात होता.

माझं आडनाव बोरसे. पाटील हे फोनवरचं नाव. शिरसाठ साहेबांकडे प्रत्येकाला फोनवरचं एक नाव मिळायचं.

त्या दिवाळीपर्यंत मी अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला होतो. आम्ही इलेक्ट्रिकचे पॅनेल बनवायचो. दिवाळीचा बोनस घेतला, मिठाईचा पुडा घेतला आणि पंधराव्या दिवशी साठ जणांच्या हातात पत्रं पडली. दोन महिन्यांचा पगार देऊन कंपनीनं हात वर केले. प्रणिताला नुकताच तिसरा लागला होता. आधीचं एक बाळ चौथ्या महिन्यात गेलं होतं. डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, की या वेळी हिच्या जिवाला कसलाही घोर लागू द्यायचा नाही. नोकरी गेल्याचं लपवणं शक्य नव्हतं, ते मी सांगितलं. पण पाथर्डी फाट्यावरच्या आमच्या घराचे हप्ते थकलेत, हे तिला कळू दिलं नाही. मोडायला काही नव्हतं. तिचं सोनं घराच्या पहिल्या रकमेतच गेलं होतं आणि ते तिनं हसत काढून दिलं होतं.

दोन हप्ते चुकल्यावर वसुलीवाल्यांचं बोलावणं आलं. शिरसाठ असोसिएट्स म्हणून एका गाळ्यात ऑफिस होतं. मी तिथं जाऊन तासभर बोललो. बायको पोटुशी आहे, नोकरी शोधतोय, थोडं सांभाळून घ्या. शिरसाठ साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, मला चहा पाजला आणि म्हणाले, "बोरसे, तुम्ही बोलता छान. ऐकणाऱ्याला दया येते. माझ्याकडं सगळे आडदांड भरलेत, तुमच्यासारखा एक पाहिजेच होता."

असा मी कर्जदाराचा वसुलीवाला झालो. अट एकच. माझी स्वतःची फाइल ते दाबून ठेवणार. त्या बदल्यात मार्चअखेर एक मोठं जुनं प्रकरण मी सोडवून द्यायचं. नाही जमलं, तर माझी फाइल वर मुंबईला जाणार. घरी मी सांगितलं, बँकेच्या बाजूचं कागदपत्रांचं काम मिळालं. प्रणितानं देवापुढे साखर ठेवली आणि भेटेल त्याला 'बँकेत लागलेत' असं सांगत सुटली.

ज्यांना सांगितलं, त्यात डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात शेजारी बसणारी हर्षदा होती. दोघींचे दिवस जवळजवळ बरोबरचे. तपासणीच्या दिवशी दोघींची गट्टी जमायची आणि घरी आली की प्रणिताच्या तोंडी हर्षदापुराण. हर्षदाचा नवरा गिअरच्या कारखान्यात आहे. हर्षदाला आंबट नाही, तिखट लागतं. हर्षदाचं बाळंतपण माहेरी नाही, स्वतःच्या घरात होणार, आई इकडेच येणार, कारण माहेरी धड दवाखाना नाही. "किती बरं ना, आपलं बाळ आपल्याच घरात," ती म्हणायची. तिला स्वतःला सटाण्याला माहेरी जावं लागणार होतं.

मी ऐकत असायचो. वर्षभर हप्ते थकलेला आणि त्यात गिअरच्या कारखान्यातून जानेवारीत काढलेला, सिडकोत राहणारा तुषार देवरे माझ्याच यादीत पहिल्या नंबरला होता.

मग एका रात्री जेवताना ती म्हणाली, "अहो, रविवारी तिचं डोहाळजेवण आहे. फुलांचे दागिने सांगितलेत. मी तिला म्हटलं, खरे मग कुठं ठेवशील? तर म्हणते, कपाटात. आईनं गावाहून पोहेहार आणलाय, आजीचा. बाळ झाल्यावर घालणार म्हणे."

माझा घास हातातच राहिला. नंतर मी भाजीत मीठ कमी आहे म्हणालो.

वसुलीतलं एक गमक मी महिन्याभरातच शिकलो होतो. माणूस धमकीला भीत नाही तितका पाहुण्यांना भितो. घरात कार्य असलं, चारचौघं जमलेली असली, की तो आवाज चढू नये म्हणून काहीही करतो. आणि डोहाळजेवणाच्या दिवशी तर सोनं घरातही असतं आणि बाईच्या अंगावरही नसतं. हे आमच्यातल्या त्या आडदांडांना कधी सुचलं नसतं. मला सुचलं, कारण मी स्वतः तसाच भ्यायलेला होतो. कुठं बोट ठेवलं की दुखतं, हे मला चांगलं ठाऊक होतं.

"तिला माहीत नाही," तुषार कुजबुजला. "नोकरीचंही नाही. मी रोज डबा घेऊन बाहेर पडतो. साहेब, पाया पडतो तुमच्या, आजचा दिवस..."

"मी ओरडायला आलेलो नाही," मी म्हणालो. "ओरडायचं असतं तर दुसरे आले असते. उद्या ते येतीलच. म्हणून आज मी आलोय."

हे वाक्य मी रिक्षात पाठ केलं होतं.

"पैसे कुठून आणू?"

मी नुसतं कपाटाकडे पाहिलं. त्यानंही पाहिलं. बाहेर कुणीतरी गाणं म्हणायला लागलं होतं, दुसरी सूर सोडून मध्येच हसत होती.

"तो तिच्या आजीचा आहे," तो म्हणाला.

"घर कुणाचं आहे?"

त्याच्या नाकाच्या शेंड्यावरून घाम ओघळला तरी त्यानं पुसला नाही. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असेल. मग त्यानं मान वर केली.

"हे दिलं तर घर राहील ना?"

"राहील," मी म्हणालो.

"बाळ व्हायच्या आत कुणी येणार नाही ना?"

"माझ्यावर सोडा."

तो उठला. किल्ली उशीच्या अभ्र्यात होती. लाल मखमली डबी त्यानं शर्टाच्या आत, पोटाशी धरली आणि आम्ही दोघं बाहेर आलो.

"कुठं निघालात दोघं?" हर्षदानं झोपाळा थांबवला.

"कुल्फी आणतो सगळ्यांना," तुषार म्हणाला. त्याचा आवाज इतका सरळ आला की मी चमकलोच. रोज डबा घेऊन निघणाऱ्या माणसाला सवय झालेली असते.

"अगंबाई! आज उधळायला निघालेत," ती मैत्रिणींकडे पाहून म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

त्रिमूर्ती चौकातल्या सराफाचं दुकान रविवारीही उघडं होतं. त्यानं हार काट्यावर ठेवला. जुन्या घडणीचा होता, पोह्यासारख्या बारीक पानांचा. "घडण सुंदर आहे हो, पण आम्हाला वजनाचेच पैसे देता येतात," तो म्हणाला. तुषारनं मान हलवली. नोटा त्यानं मोजल्याही नाहीत, तशाच माझ्याकडे सरकवल्या. मी पावतीपुस्तक काढून पावती फाडली. सही करताना मी 'बोरसे' लिहायला लागलो आणि थांबून 'पाटील' केलं.

मग आम्ही खरोखरच कुल्फी घेतली. एकवीस काड्या. बर्फाच्या खोक्यात घालून, एकेका बाजूनं धरून, दोघांनी जिन्यानं वर नेली.

मला तसंच निघायचं होतं. हर्षदानं जाऊ दिलं नाही. "जेवल्याशिवाय कसे जाल? प्रणिता काय म्हणेल मला?" तिनं मला पाटावर बसवलं. पाच तऱ्हेचे भात होते, अळूवडी होती, गव्हल्यांची खीर होती. तिची आई वाढत होती आणि हर्षदा झोपाळ्यावरून सूचना देत होती. आई, भाऊजींना तूप वाढ. भाऊजी, लाजू नका. मी जेवलो. सगळं जेवलो. खीर दोनदा घेतली. घशाखाली उतरणार नाही असं आपल्याला वाटतं, पण उतरतं.

निघताना तिनं एक कापडी पिशवी माझ्या हातात दिली. "तिची ओटी आहे. खरं तर इथंच भरायची होती, पण तुमच्याबरोबर पाठवते. नारळ, तांदूळ, खणाचं कापड आहे. खीरही दिलीय थोडी. आणि तिला म्हणावं, दोघींची बाळं झाली की एकाच दिवशी पेढे वाटायचे. ठरलंय आमचं."

जिन्यापर्यंत तुषार सोडायला आला. त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला.

"साहेब, तुम्ही वाचवलंत," तो म्हणाला.

घरी प्रणितानं पिशवीतलं एकेक काढून पलंगावर मांडलं. खणाचं कापड गालाला लावून पाहिलं. "बघा, माझी आठवण ठेवली तिनं," म्हणाली आणि तिचे डोळे भरले. डब्याला चिकटलेली खीरसुद्धा तिनं बोटानं निपटून खाल्ली.

माझी फाइल टेबलाखाली राहिली. एप्रिलमध्ये प्रणिता सटाण्याला गेली. मे संपताना आम्हाला मुलगी झाली, सुखरूप. फोनवर तिचं रडणं ऐकलं आणि मी ऑफिसच्या जिन्यात बसून लहान पोरासारखा रडलो.

इथं एक गोष्ट सांगायची राहिली. राहिली म्हणणंही खोटंच आहे, मी ती आत्तापर्यंत मागे ठेवली. त्या रविवारच्या आदल्या दिवशी मी देवऱ्यांची फाइल पूर्ण वाचली होती. शेवटच्या पानामागे घराच्या ताब्याचा आदेश टाचलेला होता. घर जाणार हे ठरलेलं होतं. किती भरले, कधी भरले, यानं त्यात काही फरक पडणार नव्हता. जे हाताला लागेल ते व्याजात जमा होणार होतं आणि शिरसाठ साहेबांना त्यातला वाटा मिळणार होता. पुढे मी मनाशी म्हणत असे, की मलाही फसवलं. काही दिवस मला ते खरंही वाटायचं. पण मला माहीत होतं. 'राहील' म्हणताना मला पक्कं माहीत होतं.

ताब्याचा दिवस जूनमध्ये आला, गुरुवारी. तुषारला पुण्याला एका गोडाउनमध्ये काम मिळालं होतं, तो फक्त रविवारी यायचा. शिरसाठ साहेबांनी गुरुवार निवडला तो म्हणूनच. मी त्यांचे पाय धरायचेच बाकी ठेवले होते, मला पाठवू नका म्हणून.

"उलट तुम्हीच पाहिजे तिथं," ते म्हणाले. "ओळखीच्या माणसासमोर लोक तमाशा करत नाहीत. हे तुमच्याकडूनच शिकलो ना मी?"

बँकेचा एक कारकून, एक महिला पोलीस, कुलपं बदलणारा आणि मी. सकाळचे साडेदहा वाजले होते. दार हर्षदाच्या आईनं उघडलं. आतून ओव्याच्या धुरीचा आणि शेगडीचा वास आला आणि आम्ही सगळे उंबऱ्याबाहेरच थबकलो.

"ओली बाळंतीण हाये घरात," म्हातारी म्हणाली. "अठरा दिवसाचा पोरगा हाये. माणसं हायेत का कोण तुम्ही?"

कारकुनानं कागद पुढे केला. महिला पोलीस खाली मान घालून म्हणाली, "आजी, आमच्या हातात काही नाही हो. तासभर देतो, सामान बांधा." शेजारचं दार किंचित उघडलं आणि परत लागलं.

मी कारकुनाच्या मागे उभा होतो. म्हातारीनं मला ओळखलं. तिनं माझ्याकडे बोट केलं आणि ते बोट तसंच हवेत राहिलं. "ह्यो," ती शेवटी म्हणाली, "ह्यो जेवला आपल्या घरी."

"आई, भांडी बांधायला घे," आतून हर्षदाचा आवाज आला.

ती बाहेर आली. डोक्याला आणि कानांना घट्ट बांधलेला रुमाल, अंगात सैल गाऊन, पायात मोजे. चेहऱ्यावर नुसते डोळे राहिले होते. मी शिव्या ऐकायच्या तयारीत होतो. खरं सांगायचं तर मला त्या हव्या होत्या. मोठमोठ्यानं रडली असती, माझ्या तोंडात मारली असती, तर फिटलं नसतं, पण काहीतरी झालं असतं.

ती घरभर फिरली. कपाट उघडलं, कपडे चादरीत टाकले, चादरीला गाठ मारायला गेली. छातीशी मूल होतं, एका हातानं गाठ बसेना. आईचे दोन्ही हात स्वयंपाकघरात गुंतलेले. तिनं खोलीत नजर फिरवली. कारकून यादी करत होता. पोलीसबाई फोनवर बोलत होती. कुलूपवाला दारापाशी गुडघ्यावर बसला होता. ती माझ्याजवळ आली.

"धरा," ती म्हणाली. "मान सांभाळा."

मी अजून माझ्या मुलीलासुद्धा धरलं नव्हतं. अकरा दिवसांची होती ती, दुसऱ्या दिवशी बारसं होतं, तेव्हाच मी सटाण्याला जाणार होतो. मूल कसं धरतात हे मला कुणी शिकवलं नव्हतं. हर्षदानंच माझा डावा हात उचलून बाळाच्या मानेखाली सरकवला आणि बाळ माझ्या खांद्यावर टाकलं. ऊन ऊन, हलकं, दुधाचा आणि वेखंडाचा वास. त्यानं एकदा अंग ताणलं, तोंड माझ्या मानेत खुपसलं आणि झोपलं.

तास दीड तास मी तसाच उभा होतो. माझ्यासमोर पलंग निघाला, शेगडी विझवून निघाली, भिंतीवरचे देव पिशवीत गेले. झोपाळा उतरवायला वेळ नव्हता, तो तिथंच राहिला. मागे कुलूपवाल्यानं जुनं कुलूप काढून नवीन बसवलं. त्याच्या हातोडीचा आवाज झाला की बाळ दचकायचं आणि मी त्याच्या पाठीवर थोपटायचो. नको म्हटलं तरी हात थोपटत होता.

टेम्पो आला तेव्हा हर्षदानं बाळ परत घेतलं. सगळे खाली गेले होते. जिन्याच्या वळणावर आम्ही दोघंच होतो.

"तुमच्याकडं काय झालं?" तिनं विचारलं.

"मुलगी. उद्या बारसं आहे."

"प्रणिता बरी आहे?"

"बरी आहे." मग माझ्या तोंडून कसंतरी निघालं, "हर्षदाताई, मी..."

"तिला सांगू नका," ती मध्येच म्हणाली. "मला भेटलात, हे झालं, काही सांगू नका. ओली बाळंतीण आहे ती. असलं ऐकलं की दूध आटतं."

एवढं बोलून ती कठड्याला धरत, एकेक पायरी सावकाश उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी सटाण्याला सासूबाईंनी माझ्यापुढे मुलीला धरलं. "घ्या की जावईबापू!" मी हात धुतले नाहीत म्हणालो. मग प्रवासाचा धूर आहे अंगाला म्हणालो. मग सर्दी झाली. मुलीला मी कडेवर घेतलं, सायकल शिकवली, शाळेत सोडलं, सगळं केलं. पण खांद्यावर झोपवायची वेळ आली की मी तिला प्रणिताकडे द्यायचो. तिचं डोकं मानेशी टेकलं की मला दुसरंच वजन जाणवायचं आणि कानाशी हातोडी वाजायची. अजून वाजते. बाहेरून घरी आलो की दारावर कागद चिकटवलेला नाही ना, हे मी आधी पाहतो. सिडकोच्या त्या रस्त्यानं मी जात नाही. माझ्याच घरात मी अकरा वर्षं कुणाच्या तरी घरात राहिल्यासारखा राहिलो. शिरसाठ साहेबांकडे मात्र मी लगेच सोडलं नाही. आणखी सात महिने काम केलं, कारखान्यात पुन्हा लागेपर्यंत. हेही सांगायला हवं.

यंदा जानेवारीत आमचं कर्ज फिटलं. बँकेतून घराचे मूळ कागद घेऊन मी घरी आलो. मुलगी क्लासला गेली होती. प्रणितानं कागदांना हळदकुंकू लावलं आणि त्यांच्यासाठी कपाटात जागा करायला लागली. माझ्याकडे पाठ करून, घड्या सारख्या करत, ती सहज बोलत होती.

"हर्षदा इथं असती तर पेढे घेऊन आधी तिच्याकडं गेले असते. माझ्या मागेपुढेच असणार तिचं. काय झालं असेल हो तिला?"

"मुलगा," मी म्हणालो.

तिचा हात घडीवरच थांबला. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला, त्याचा आवाज पार चौकापर्यंत ऐकू आला. मग ती वळली.

"तुम्हाला काय माहीत?"

मी तिला पलंगावर बसवलं आणि सगळं सांगितलं. डबीचं, कुल्फीचं, खिरीचं, माझ्या 'राहील'चं, खांद्यावरच्या बाळाचं. जिन्यात हर्षदा काय म्हणाली तेही. ती रडेल, ओरडेल, मुलीला घेऊन सटाण्याला जाईल, असं मी अकरा वर्षं मनात मांडून ठेवलं होतं. तसलं काही झालं नाही. ती माझ्याकडे पाहतसुद्धा नव्हती. समोरच्या भिंतीकडे पाहत होती.

"बारशाच्या आदल्या रात्री मी तिला फोन केला होता," ती म्हणाली. "मग पुढच्या महिन्यात तीनदा. तिनं एकदाही उचलला नाही. नंतर नंबरच बंद झाला. आणि मला इतकी वर्षं वाटत होतं, माझंच काहीतरी चुकलं."